विष आणि उतारा एकाच बाटलीत

आमच्या घरात दादाच्या पिण्याबद्दल दोन मतं होती. बाबांचं मत एका शब्दाचं होतं: माज. कंपनीत कायम नोकरी, वेळेवर पगार, समजूतदार बायको, पहिलीतली मुलगी. कशाची कमी नाही आणि तरी पितो म्हणजे अंगात चरबी आली आहे, असं ते जेवताना म्हणत, पूजा आटोपताना म्हणत, स्टँडवर एसटीची वाट बघतानाही म्हणत. दादाचं मतही तितकंच पक्कं होतं: टेन्शन. सुपरवायझर छळतो, रात्रपाळीने झोप उडाली आहे, घरात पाऊल टाकलं की कटकट, मग माणसाने करायचं काय? अकरा वर्षं ही दोन मतं एकमेकांवर आदळत राहिली. मी धाकटी. मला कधी बाबांचं पटायचं, कधी दादाचं. वहिनीला तिचं मत कुणी विचारलं नाही.

आता वाटतं, दोघंही खरं बोलत होते, पण आपापल्या सोयीचं अर्धं. बाहेरून बघणाऱ्याला व्यसनातली मजा तेवढी दिसते, कारण मजा म्हटली की दोष देता येतो. पिणाऱ्याला दुःख तेवढं दिसतं, कारण दुःख म्हटलं की दोष टळतो. समाजाने दुःख कबूल करावं आणि पिणाऱ्याने मजा कबूल करावी, त्याशिवाय व्यसन कळत नाही आणि सुटायलाही फार वेळ लागतो, असं माझं म्हणणं आहे. हे आमच्या घरातल्या भांडणापुरतं नाही. शाळेतली व्याख्यानं, सरकारचे कायदे, दवाखान्यातली औषधाची कपाटं, सगळीकडे हाच अर्धेपणा दिसतो आणि त्याची किंमत माणसं मोजतात.

शाळेत संस्कृतच्या तासाला एक सुभाषित होतं: ‘उत्सवे व्यसने चैव दुर्भिक्षे राष्ट्रविप्लवे । राजद्वारे श्मशाने च यस्तिष्ठति स बान्धवः ॥’ बाईंनी ‘व्यसने’चा अर्थ ‘संकटात’ असा सांगितला तेव्हा वर्गात खसखस पिकली. आम्हाला व्यसन म्हणजे कोपऱ्यावरचा गुत्ता एवढंच माहीत. पण त्या शब्दात मुळात दोन्ही होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांचंच आहे. आग, पूर, रोगराई, दुष्काळ ही राज्यावर कोसळणारी संकटं आणि शिकार, जुगार, स्त्री, मद्यपान ही राजाची कामातून, म्हणजे वासनेतून, येणारी व्यसनं, दोन्ही त्याच एका अधिकरणात आहेत. मराठीत येता येता शब्दातलं संकट गळून पडलं आणि खोड तेवढी उरली. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर पहिला प्याला उचलतो तो कोर्टात झालेल्या अपमानाची आग शमवायला. शंभर वर्षं आपण ते नाटक दारूच्या दुष्परिणामांचं म्हणून बघत आलो. ते अपमानाचंही नाटक आहे, असं म्हणणारा मला क्वचित भेटला.

आधी मजेबद्दल लिहिते, कारण तिच्याबद्दल बोलायला आपल्याला जास्त अवघड जातं. नशा सुरुवातीला छान वाटते. हे वाक्य व्यसनमुक्तीच्या पोस्टरवर कधीच नसतं, आणि तिथेच पोस्टरचा खरेपणा संपतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतले दारूवर पुरते अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी. पिण्याने ज्यांचं नुकसान होतं आहे असे सगळे मोजले तर साधारण ५.७ कोटी. हे आकडे भयंकर आहेत, पण त्यांची दुसरी बाजूही आहे: दहा कोटींहून जास्त माणसं पितात आणि या हिशोबात अडकत नाहीत. शाळेतल्या व्याख्यानात मात्र ‘एकदा तोंडाला लावलीत की संपलात’ असं सांगितलं जातं. मागच्या बाकावरच्या पोराने आपल्या मामाला ३१ डिसेंबरला पिताना आणि दोन तारखेला कामावर जाताना बघितलेलं असतं. तो मनातल्या मनात त्या वाक्यावर फुली मारतो, आणि वाक्यावर थांबत नाही, सगळ्या व्याख्यानावर मारतो. सडलेल्या फुप्फुसाचा फोटो खरा असतो, पण तोही त्या फुलीखाली जातो.

पुढे कधीतरी कुणी त्याच्या हातावर एमडीची पुडी ठेवतं. मेफेड्रोन, म्याऊ म्याऊ. २०१५ मध्ये हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. थकवा पळतो, जीभ सुटते, कोपऱ्यात बसणारा मुलगा नाचायला लागतो. आपल्याला याने बरं वाटेल हे ज्याला कुणीच सांगितलेलं नसतं, त्याला बरं वाटल्यावर असं वाटतं की हे गुपित जगात फक्त आपल्याला आणि आपल्या चार मित्रांनाच सापडलं आहे. घरचे खोटं बोलत होते, मास्तर खोटं बोलत होते. इथून पुढे त्याच्याशी बोलायला तेवढे चार मित्रच उरतात. याचं उत्तर पोलिसांनी पकडलेल्या मालाच्या किलो आणि कोटींच्या बातम्यांत नाही. त्याला आधीच सांगायला हवं होतं: बरं वाटेल, खूप बरं वाटेल, आणि म्हणूनच जपायचं आहे.

जुन्या लोकांना मजा अमान्य नव्हती, ते तिला कुंपण घालत. गटारी साजरी करायची आणि श्रावण पाळायचा, असं वर्षानुवर्षं करणारे पुष्कळ जण आपण ओळखतो. कधी, कुणाबरोबर, किती, हे एकट्याने ठरवायचं नसे. गडचिरोलीत मोहाची दारू देवाला चढते, आणि त्याच गडचिरोलीत लोकांनी, त्यातही बायकांनी लावून धरलं म्हणून १९९३ पासून दारूबंदी आहे. मला यात विसंगती दिसत नाही. देवापुढची दारू गावाच्या ताब्यात होती, ठेक्यावरची ठेकेदाराच्या. जुन्या कुंपणाचं मी गुणगान करत नाही. त्या कुंपणाआडही बायका मार खात होत्या. पण मजा असते हे मान्य करणाऱ्यालाच तिच्याभोवती कुंपण घालता येतं.

मेंदूत काय होतं ते थोडं खोलात बघण्यासारखं आहे. १९५४ साली कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. खटका दाबला की ठरावीक जागी हलका विजेचा प्रवाह पोचायचा. उंदीर खटका दाबतच राहिले. जगाने त्या जागेला सुखाचं केंद्र म्हणून टाकलं आणि व्यसन म्हणजे सुखाची हाव हा समज विज्ञानाच्या नावाने आणखी घट्ट झाला. पुढे मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट दाखवली. उंदराच्या जिभेवर साखरपाणी पडलं की तो चाटतो, गोड लागल्याची ती खूण. मेंदूतलं डोपामिन, ज्याला सुखाचं रसायन मानत ते, जवळजवळ संपवून टाकलं तरी ती खूण राहिली. उंदराला साखर अजूनही आवडत होती. गेली होती ती साखरेपर्यंत जाण्याची धडपड. म्हणजे आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं. मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आधीपासून आहेत: गोडी आणि ओढ. नशेत गोडी दिवसेंदिवस कमी होत जाते आणि ओढ वाढत जाते. शेवटी गोडी नावापुरतीही उरत नाही, तरी ओढ माणसाला रात्री साडेअकराला पावसात बंद होत आलेल्या दुकानापर्यंत चालवत नेते. त्या अवस्थेलाही आपल्याकडे शब्द आहे, तलफ. तलफेत सुख कुठे आहे, हे ज्याला तलफ आली आहे त्याला विचारावं.

दुसरीही एक गोष्ट शरीरात चाललेली असते. रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट यांनी १९७४ मध्ये ती मांडली: शरीर कुठलाही झोका एका बाजूला फार वेळ राहू देत नाही, उलट्या बाजूला खेचतं. नशा जितकी वर नेते तितकं शरीर खाली खेचतं, आणि पुन्हा पुन्हा घेतल्यावर वर जाणं लहान होत जातं, खाली खेचणं मोठं. गर्द, म्हणजे अफूपासूनची ब्राऊन शुगर, घेणारी पोरं या खाली खेचण्याला टर्की म्हणतात: अंग मोडून येणं, नाक-डोळे गळणं, पोटात पिळवटणं, झोप नाही. दारूत ते सकाळी दिसतं. दादा साडेसहाला बाथरूमचं दार लावून घ्यायचा. कप धरला तर चहा बशीत सांडेल इतके हात थरथरायचे. आतून बाहेर आला की हात स्थिर. या सकाळच्या घोटाला पिणारे उतारा म्हणतात. विंचू चावल्यावर शोधतात तो उतारा, विषावरचा उतारा, तोच हा शब्द. विष आणि उतारा एकाच बाटलीत, एकाच रंगाचा, एकाच वासाचा. बाबा ज्याला माज म्हणत होते ते त्या वेळी बंद दारामागे चाललेलं होतं, आणि बाहेर पूजेची घंटा वाजत होती.

म्हणजे मजेतून सुरू झालेली गोष्टही शेवटी दुखण्यावरचं औषध होऊन बसते. काहींची मात्र सुरुवातच दुखण्यातून होते.

माझी आजी मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासाने आम्हा पोरांना ठसका लागायचा, मग ती पूड पत्र्याच्या डबीत. दवाखान्यात ‘काही व्यसन?’ असं विचारलं की ती ठामपणे नाही म्हणायची आणि ते तिच्या दृष्टीने खरंच होतं. बाळंतपणात दाढ ठणकायला लागली तेव्हा सासूने बोट हिरडीवर फिरवायला शिकवलं, तेव्हापासूनची ती डबी. दाढ पुढे पडून गेली, डबी राहिली. पण मला तिचं पहाटेचं बसणंही आठवतं. उंबऱ्यावर, शेजारच्या दोन बायकांबरोबर, बोट दातांवर, कुणीही कसलंही काम न सांगण्याची दिवसातली ती एकुलती पंधरा मिनिटं. त्यात दाढेची कळ किती आणि त्या पंधरा मिनिटांची गोडी किती, हे वेगळं काढता येणार नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के ओढणारे होते आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे. यांतल्या किती जणांची सुरुवात दाढेपासून, भुकेपासून, पोट साफ होण्यापासून झाली, हे आपण विचारत नाही. पुडीवर कॅन्सरचं चित्र छापलं की आपलं काम झालं. गावात दात बघणारा डॉक्टर कधी येतो, हा तंबाखूविरोधी मोहिमेचा प्रश्न आहे असं मानलं तर त्या मोहिमेचं रूपच बदलेल.

गटारात उतरणाऱ्या माणसाचं घ्या. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, माणसं तरी उतरतातच. पोटात नवटाक दारू गेल्याशिवाय त्या वासात, त्या घाणीत पाय ठेववत नाही, हे त्या वस्त्यांत सगळ्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी अंगाचा वास जात नाही म्हणून पुन्हा एक. अशा कामगाराला व्यसनमुक्तीचं व्याख्यान देणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्याच्या दारूवरचा पहिला उपाय यंत्र हा आहे.

किंवा स्टेशनवरची मुलं. एम्सच्या त्याच पाहणीत हुंगण्याची नशा, म्हणजे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत: १० ते १७ वयातली १.७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. सोल्युशन हुंगलं की भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, रात्री कुणी अंगाला हात लावला तरी ते दूर कुठेतरी चाललं आहे असं वाटतं. ते पोर चैन करत नाही. त्याच्या हातातला रुमाल म्हणजे त्याचं जेवण, पांघरूण आणि दाराची कडी आहे.

एकटेपणाही दुखतो, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. जाक पँकसेप यांनी १९७०च्या दशकात कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. आईपासून दूर केलेली पिल्लं केकाटतात. अफूपासून काढलेलं वेदनाशामक मॉर्फिन, गुंगीही येणार नाही इतकं थोडं, दिलं की ती शांत होतात. अफूच्या कुळातली द्रव्यं मोडलेल्या हाडाच्या कळेवर चालतात, तशी आईच्या विरहावरही चालतात. गर्द ओढणारे पहिल्या झुरक्याबद्दल सांगताना ‘ऊब’ हा शब्द का वापरतात, ते या पिल्लांकडून कळतं. व्हिएतनाममध्ये लढायला गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचांत एक हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेला होता. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला तेव्हा बहुतेकांचं ते घरी आल्यावर सुटलेलं होतं. द्रव्य तेच, मेंदू तोच. जंगल, भीती आणि कंटाळा मागे राहिला होता.

इथवर वाचून दादासारखा कुणी म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो? दुःख होतं म्हणून प्यायलो. मला भीती वाटते ती याचीच. दुःखाचं हे अर्धं सत्य आमच्या घरात निर्दयपणे वापरलं गेलं. दादाला टेन्शन होतं तर ते टेन्शन देणारं कुणीतरी हवं. सुपरवायझर दूर, बाबा मोठे, राहिली वहिनी. ती बोलली की कटकट, गप्प बसली की तोंड फुगवून बसते. तिने भाजीत मीठ जास्त घातलं हेसुद्धा त्या संध्याकाळचं कारण होऊ शकायचं. दारुड्याच्या दुःखाची विचारपूस करायला अख्खं गाव येतं. त्याच्या हातून जिचा दात पडला, तिला ‘तू जरा सांभाळून घे’ म्हणतात. दारूच्या दुकानाविरुद्ध ज्या बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याला, मतं दिली त्यांना नवऱ्याचं दुःख कळत नव्हतं असं नाही. त्याच्या दुःखाचं बिल आपण का भरायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. हा प्रश्न वाजवी आहे आणि दुःख समजून घेण्याच्या नावाखाली तो दडपणारा कुणी असेल तर मी त्याच्या बाजूची नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांत चार गोष्टी जपायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यांतलं काही अंगावर आलं की पाय घसरायची वेळ आली असं समजायचं. चारही दुखणीच. पण त्याच सभांत बसलेले लोक हेही सांगतात की आपण घसरलो ते भाच्याच्या लग्नात, बोनस मिळाला त्या दिवशी, भारताने सामना जिंकला त्या रात्री. दुःखात प्यायलो म्हणणारा माणूस सुखातही पितच होता. म्हणून ते दुःखाला कारण म्हणत नाहीत, निमित्त म्हणतात. त्यांनी हे पुस्तकांत वाचून ठरवलेलं नाही.

अर्धं सत्य देशाच्या पातळीवर किती महाग पडतं, याची दोन उदाहरणं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

एक अमेरिकेचं. १९८० मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याची नोंद फक्त ४ जणांची, असं त्यात होतं. रुग्णालयातल्या, डॉक्टरांच्या नजरेखालच्या रुग्णांबद्दलचं हे टिपण पुढे शेकडो लेखांत फिरलं आणि त्याचा अर्थ असा लावला गेला की दुखणं खरं असेल तर व्यसन लागत नाही. १९९६ मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या कुळातलं वेदनाशामक बाजारात आणलं आणि पाठदुखी-गुडघेदुखीसाठीही ते डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल करण्यात आला, ६० कोटी डॉलरहून जास्त भरपाई आणि दंड झाला, २०२० मध्ये कंपनीने पुन्हा गुन्हा कबूल केला. तोवर गावंच्या गावं पोखरली गेली होती. वेदना मान्य केली, पण त्या गोळीत गोडीही आहे हे दडवलं, त्याचा हा परिणाम.

दुसरं आपलं, आणि ते मला घरात बघायला मिळालं. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, परदेशांना विकलीही जाते. तरी १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला आणि देशातल्या देशात रुग्णांसाठी वापरलं जाणारं मॉर्फिन आटत आटत १९९७ मध्ये वर्षाला १८ किलोंवर आलं. शंभर कोटींच्या आसपास लोकसंख्येला १८ किलो. एकेका खात्याचे वेगवेगळे परवाने एकाच वेळी हातात असतील तरच रुग्णालयाला ते ठेवता यायचं, कागदात चूक झाली तर शिक्षा जबर, मग ठेवेल कोण? २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि मॉर्फिनसह काही औषधांचा परवाना सुटसुटीत झाला. माझी आत्या त्याच्या आठ वर्षं आधी गेली. स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. चादरीची घडी पाठीखाली आली तरी ती ओरडायची. ज्या रुग्णालयात होती तिथल्या डॉक्टरांना बाबांनी हात जोडून विचारलं, यापेक्षा जोरदार काही नाही का? डॉक्टर म्हणाले, आहे, पण आमच्याकडे नसतं, आणि सवय लागेल. आत्या त्यानंतर पाच आठवडे जगली. पाच आठवड्यांत तिला कसली सवय लागणार होती? कुणालातरी मजा येईल या भीतीने आपण लाखो माणसांना तळमळत मरू दिलं. अमेरिकेने गोडी लपवली, आपण वेदना नाकारली, आणि दोन्हीकडे माणसं मेली.

महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातही हा गोंधळ दिसतो. कायदा १९४९ चा. त्यानुसार दारू प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आणि तो मिळतो तो प्रकृती राखण्यासाठी. शुक्रवारी संध्याकाळी मित्रांबरोबर बसलेल्या माणसाने आपण औषध घेतो आहोत असं सरकारला सांगायचं आणि सरकारने ते मान्य करून कर घ्यायचा. आवडतं म्हणून पितो, हे म्हणायला कायद्यात जागाच नाही. जे कागदावर म्हणता येत नाही ते माणूस घरात तरी कसं म्हणणार?

‘व्यसन हा आजार आहे’ या वाक्याने आपल्याकडे मोठं काम केलं. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरला, तेव्हा १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, आणि दारुड्या-गर्दुल्ल्याला रुग्ण म्हणायला महाराष्ट्र शिकला. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण आजार म्हटलं की डॉक्टर किती घेता, किती वर्षं, शेवटची कधी, एवढं विचारून मोकळे होतात. दादाला चार ठिकाणी हे प्रश्न विचारले गेले आणि त्याला उत्तरं पाठ झाली. एम्सच्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. त्या एकाचीही विचारपूस अशी व्हावी, याचं वाईट वाटतं.

पाचव्या ठिकाणी एक समुपदेशक बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी घरच्यांसकट बसवलं. बाबा, वहिनी, मी. किती आणि कधी हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, ‘पहिल्यांदा घेतली तेव्हा काय मिळालं, ते सांगा.’ दादा सवयीने सुपरवायझरवर गेला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुन्हा तेच विचारलं. तो रात्रपाळीवर गेला. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मला आवडायचं. लग्नाच्या आधीपासून. पहिला पेग पोटात गेला की छातीवरून कुणीतरी हात फिरवल्यासारखं वाटायचं. तसं मला कशातच वाटलं नाही कधी.’ मग थोडं थांबून, बाबांकडे न बघता, ‘लहानपणीपण नाही.’

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. माज हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

वहिनी मात्र दादाकडे एकटक बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ‘आवडतं म्हणून पितो, एवढं तेव्हाच सांगायचं होतं,’ ती म्हणाली. ‘अकरा वर्षं मी माझंच काय चुकतं ते शोधत होते.’